सोंगाड्याच्या हाती लेखणी



गेल्या वसंतात असेच एक व्याख्यान संपून मंडप रिकामा होत असता अंबड तालुक्यातील एक तरुण आमच्याजवळ आला. त्याच्या हातात शाळेतल्यासारखी दुरेघी वही होती. तो म्हणाला, "सर, मी हसवायचं लिहितो. गावच्या जत्रंत, गणपतीत लोक पोट धरून हसतात. पण सिनेमात, टीव्हीत ह्याच्यावर पोट भरतं का? का हे नुसतं येड्याचं काम हाय?" त्या वेळी आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. 'लिहीत राहा' असे काहीसे पुटपुटून आम्ही वेळ मारून नेली, आणि घरी येईपर्यंत त्याचे आम्हांस वाईट वाटत राहिले. आजचे व्याख्यान म्हणजे त्या तरुणाला वर्षभर उशिरा दिलेले उत्तर आहे असे समजावे.

हे उत्तर आम्ही इतिहासातून देणार आहोत. विनोद सांगणारी माणसे आपल्याकडे शेकडो वर्षांपासून आहेत. परंतु विनोद कागदावर लिहून, त्याखाली आपले नाव घालून, त्याचा मोबदला घेऊन जगणारा लेखक ही फार अलीकडची गोष्ट आहे. तिला शंभर वर्षेही झालेली नाहीत. ह्या लेखकाला तीन गोष्टी एकामागून एक मिळवाव्या लागल्या: नाव, दाम आणि जबाबदारी. पहिल्या दोन त्याने भांडून मिळवल्या. तिसरी त्याच्या गळ्यात आपोआप पडली, आणि तीच सर्वांत अवघड आहे.

आधी आपल्या घरापासूनच आरंभ करू. आपल्या जिल्ह्याची दक्षिण सीमा गोदावरीने आखलेली आहे. तिच्याच काठी, वरच्या अंगाला पैठण आहे, आणि तेथे सोळाव्या शतकात एकनाथमहाराजांनी भारुडे रचली. भारुड म्हणजे सोंगच. गोंधळी, जोशी, महारीण, वेडी अशी नाना रूपे घेऊन माणूस उभा राहतो, लोकांना हसवतो आणि हसता हसता त्यांच्या पदरात काही टाकून जातो. आपल्या जालन्यातही धुळवडीच्या दिवशी हत्ती रिसाला निघतो. ही प्रथा शंभर वर्षांहून जुनी आहे. त्या दिवसापुरता एक राजा हत्तीवर बसतो आणि सारे गाव त्या लुटुपुटीच्या राज्यात मनमुराद हसते. म्हणजे सोंग घेऊन हसवणे आणि हसणे ह्या मुलखाच्या अंगवळणी पडलेले आहे.

परंतु ह्याच जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे, आणि तेथे १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. विनोदाची आवड टवाळांना असते, असा शेरा समर्थांनी मारून ठेवला आहे आणि तो आपण सर्वांनी लहानपणी मास्तरांच्या तोंडून ऐकला आहे. गंमत अशी की, दासबोधाच्या दुसऱ्या दशकात समर्थांनी मूर्खांची आणि पढतमूर्खांची जी लक्षणे सांगितली आहेत, ती वाचताना हसू आवरत नाही. मनुष्यस्वभावाचे इतके बारीक निरीक्षण करणारा माणूस विनोदाला मुळात विरोधी असेल, असे आम्हांस वाटत नाही. आमच्या समजुतीप्रमाणे त्यांचा राग उत्तरदायित्व नसलेल्या हसण्यावर होता. हा मुद्दा येथे ठेवून पुढे जाऊ. शेवटी आपल्याला पुन्हा जांबेस यायचे आहे.

तमाशाची बांधणी आपणांपैकी अनेकांना ठाऊक आहे. आधी गण, मग गौळण, मग बतावणी आणि शेवटी वग. ह्यात हशा पिकवणारा तो सोंगाड्या. त्याचे शब्द मात्र कुठे लिहिलेले नसत. गावात आल्यावर तो पाटलाचे नाव, सावकाराची खोड, पावसाची दांडी असे चार तपशील गोळा करी आणि रात्री ते बतावणीत गुंफी. दुसऱ्या दिवशी फड पुढच्या गावी गेला की ते शब्द हवेत विरून जात. सोंगाड्याला त्याच्या वाट्याचे पैसे मिळत, पण ते त्याच्या नटपणाचे. रचनेचे दाम वेगळे असू शकते, ही कल्पनाच नव्हती. लोक म्हणत, 'काय बोलला गडी!' हे कोणी रचले, असे कोणी विचारीत नसे.

छापील मराठीत विनोदाला प्रतिष्ठा मिळाली ती श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, राम गणेश गडकरी, चिंतामण विनायक जोशी ह्यांच्यामुळे. पण ह्यांपैकी कोणाचे घर विनोदावर चालत नव्हते. कोल्हटकर वकिली करीत. चिं. वि. जोशी बडोद्यास पालीचे प्राध्यापक होते. त्यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ घराघरांत पोचले तरी प्राध्यापकांचा पगार कॉलेजातूनच येत असे. विनोद हा फावल्या वेळचा उद्योग, ही समजूत पक्की होती.

ती प्रथम हलवली आचार्य अत्र्यांनी. अत्रे पुण्याच्या कॅम्प भागातील शाळेचे मुख्याध्यापक होते. १९३३ साली त्यांचे 'साष्टांग नमस्कार' रंगभूमीवर आले आणि प्रेक्षक हसून हसून बेजार झाले. त्या सुमारास चित्रपटाला नुकता कंठ फुटला होता. बोलपटाला बोलणारी माणसे हवी होती, आणि त्यांच्या तोंडी घालण्यासाठी वाक्ये हवी होती. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सने, म्हणजे मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि पांडुरंग नाईक ह्या त्रयीने, अत्र्यांना बोलावले. १९३७ साली 'धर्मवीर', १९३८ साली 'ब्रह्मचारी', १९३९ साली 'ब्रँडीची बाटली' असे एकामागून एक विनोदी बोलपट निघाले. लेखकाचे नाव ऐकून प्रेक्षक चित्रपटगृहाकडे वळतो, ही गोष्ट मराठीत अत्र्यांच्या बाबतीत ठसठशीतपणे दिसली. चिं. वि. जोशींचे चिमणरावही विनायकांनीच पडद्यावर आणले. १९४० सालचा 'लग्न पहावे करून' आणि १९४२ सालचा 'सरकारी पाहुणे' हे त्याचे फळ.

श्रोतेहो, अत्र्यांना चित्रपटाने एकाएकी शोधून काढले, असे समजू नका. चित्रपटाचे बोलावणे येण्यापूर्वी रंगमंदिरात, जिवंत माणसांसमोर, त्यांची वाक्ये घासून गुळगुळीत झालेली होती. कोणत्या शब्दावर हशा येतो, कोणत्या शब्दापाशी थांबावे लागते, हे त्यांना प्रेक्षकांनीच शिकवले होते. ह्या धंद्याचा पहिला नियम येथेच दिसतो. विनोदी लेखकाची शाळा प्रेक्षागारात भरते. पुढे ज्यांनी ज्यांनी नाव मिळवले, त्या जवळजवळ सर्वांनी हा नियम पाळला आहे. पु. ल. देशपांडे ह्यांनी १९५३ साली 'गुळाचा गणपती' केला, तेव्हा कथा, दिग्दर्शन, संगीत आणि प्रमुख भूमिका ही सारी कामे त्यांचीच होती. पण त्यानंतर ते चित्रपटापासून दूर झाले आणि पुढची कीर्ती त्यांनी पुन्हा रंगमंचावर, प्रेक्षकांच्या डोळ्यांना डोळा देऊन मिळवली.

आता सोंगाड्याकडे परत येऊ, कारण खरा चमत्कार त्याच्याच बाबतीत घडला. वसंत सबनीस हे मूळचे सोलापूरकडचे लेखक. तमाशाच्या वगाचा साचा घेऊन त्यांनी लोकनाट्य लिहिले, आणि १९६५ साली 'विच्छा माझी पुरी करा' ह्या नावाने ते रंगभूमीवर आले. दादा कोंडके त्यात हवालदार झाले. दादा राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेले. प्रयोग दीड हजारांच्या वर गेले. सबनीसांची संहिता पक्की होती, पण तिच्यात दादांना खेळायला मोकळे रान ठेवलेले होते. सकाळच्या वर्तमानपत्रातली बातमी रात्रीच्या प्रयोगात हवालदाराच्या तोंडी येई. म्हणजे सोंगाड्याची जुनी हजरजबाबी आणि लेखकाची नवी बांधणी ह्यांचे येथे लग्न लागले.

पुढे १९७१ साली 'सोंगाड्या' हा चित्रपट आला. त्याचे लेखन सबनीसांचेच. तमाशाचे वेड लागलेला भोळसट नाम्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. चित्रपटाचे नावच पाहा. ज्याचे शब्द शतकानुशतके हवेत विरले, तो सोंगाड्या आता फितीवर कायमचा उमटला, आणि त्याचे शब्द लिहिणारा माणूस श्रेयनामावलीत आला.

पण आला म्हणजे लोकांच्या लक्षात राहिला काय? आम्ही येथे एक लहानशी परीक्षा घेऊ इच्छितो. १९८८ सालचा 'अशी ही बनवाबनवी' न पाहिलेला मनुष्य ह्या मंडपात क्वचितच सापडेल. अशोक सराफ, सचिन, लक्ष्मीकांत बेर्डे ह्यांची त्यातली वाक्ये आपल्या मुलांनाही पाठ आहेत. लग्नाच्या पंगतीत ती बोलली जातात आणि सारी पंगत हसते. पण ती लिहिली कोणी, असे विचारले तर किती हात वर होतील? ती लिहिली वसंत सबनिसांनी. हशा नटाच्या नावे जमा होतो, लेखकाच्या नावे होत नाही. त्यात नटाचा दोष नाही. तो पुढे उभा असतो, एवढेच.

ह्याच चित्रपटावरून विनोदी पटकथा म्हणजे काय तेही समजून घेता येते. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जी ह्यांच्या १९६६ सालच्या 'बीवी और मकान' ह्या हिंदी चित्रपटातली. चार मित्रांना शहरात राहायला जागा हवी आहे, आणि घरमालकिणीला भाडेकरू म्हणून जोडपीच हवी आहेत. म्हणजे आरंभी एक खरी गरज आहे. त्या गरजेपोटी एक खोटे बोलावे लागते. दोघे बायकांचे सोंग घेतात. मग ते खोटे सांभाळण्यासाठी दुसरे, दुसऱ्यासाठी तिसरे. गरज खोटी असती तर पुढचे सारे कोसळले असते. जागेची अडचण शहरातल्या प्रत्येकाने भोगलेली होती, म्हणून साडी नेसलेल्या पुरुषांवर प्रेक्षकाने विश्वास ठेवला. तात्पर्य, विनोदाच्या पायात दुःखाचा दगड बसवावा लागतो. केवळ वेडेवाकडे चाळे करून तास-दोन तास माणूस हसत नाही.

आता दूरदर्शनाकडे वळू. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ते साल आपल्या मराठवाड्यात वेगळ्या कारणाने लक्षात राहिलेले आहे. तेव्हा आपण दुष्काळी कामावर खडी फोडत होतो. मुंबईत घरात बसून माणसे चित्रे पाहू लागली आणि इकडे माणसे सुकडीच्या रांगेत उभी होती, हे अंतर विसरू नये. ह्याच केंद्रावरून त्या दशकाच्या उत्तरार्धात चिमणराव आणि गुंड्याभाऊ पुन्हा अवतरले, आणि दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे ह्यांनी त्यांना नवा देह दिला. पुढे १५ ऑगस्ट १९९९ रोजी मराठीची स्वतंत्र खाजगी वाहिनी निघाली. तिच्यावर २००१ पासून 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका गाजली. तिची वाट पाहण्याजोगी आहे. प्रभावळकरांनी आधी वर्तमानपत्रात सदर लिहिले, त्याचे 'अनुदिनी' हे पुस्तक झाले आणि पुस्तकातून मालिका उभी राहिली. जो नट चिमणरावाचा मुखवटा घालून लोकांपुढे आला, तोच पुढे स्वतः लिहिता झाला.

दूरदर्शनाने धंद्याचे स्वरूप पालटले. ते समजावून सांगायला आपल्या शेतीचाच दृष्टान्त बरा. रंगभूमीवरचा विनोद म्हणजे मोसंबीची बाग. लावल्यावर फळ यायला वर्षे लागतात, पण एकदा आले की अनेक हंगाम निघतात. 'विच्छा'ची संहिता एकदा लिहिली आणि दीड हजार प्रयोग झाले. दूरचित्रवाणीवरचा विनोद म्हणजे रोजंदारी. आज काम केले, आज दाम मिळाले, उद्या पुन्हा रिकाम्या हाताने नाक्यावर उभे राहायचे. एकदा साऱ्या महाराष्ट्राने ऐकलेला विनोद दुसऱ्या आठवड्यात शिळा होतो. २०१४ साली 'चला हवा येऊ द्या' आणि २०१८ साली 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' असे कार्यक्रम सुरू झाले तेव्हा दर आठवड्याला नवी प्रहसने लागू लागली. 'हास्यजत्रे'च्या मागे सचिन मोटे आणि सचिन गोस्वामी ह्यांची बांधणी आहे. समीर चौघुले, प्रसाद खांडेकर ह्यांच्यासारखे नट स्वतः लिहितात आणि लिहिलेले स्वतः करतात. येथे लेखक एकटा खोलीत बसून चालत नाही. तालमीत वाक्य पडले तर तेथल्या तेथे दुसरे द्यावे लागते. पाहा, सोंगाड्या पुन्हा आलाच. फरक इतकाच की आता त्याच्या हाती लेखणी आहे.

हे सारे झाले मुंबई, पुणे, कोल्हापूरचे. आपल्या मुलखाचे काय? आपण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. शाळेत उर्दू, कचेरीत उर्दू, घरात मराठी आणि बाजारात दोन्हींची मिसळ. त्या मिसळीतून आपली बोली झाली. पुण्या-मुंबईच्या नाटकांत आणि चित्रपटांत ही बोली आली तरी ती बहुधा गड्याच्या किंवा वेडपट पाहुण्याच्या तोंडी येई. आपण बोलायला तोंड उघडावे आणि समोरच्याने विनोद झाला असे समजून हसावे, हा अनुभव शिक्षणासाठी पुण्यास गेलेल्या आमच्या पिढीतल्या कित्येकांनी घेतलेला आहे.

हे चित्र पालटण्यात लक्ष्मण देशपांडे ह्यांचा मोठा वाटा आहे. औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे हे नाट्यशिक्षक. १९७९ साली त्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' उभे केले. लेखक तेच, नट तेच, आणि बावन्न पात्रेही तेच. खेड्यातले एक वऱ्हाड विमानाने लंडनला निघते, एवढीच गोष्ट. पण त्यातला प्रत्येक माणूस आपल्या बोलीत बोलतो आणि प्रेक्षक त्या बोलीला हसत नाही. तो माणसाच्या हट्टाला हसतो, मानपानाला हसतो, भाबडेपणाला हसतो, आणि हे सारे स्वतःच्या घरी पाहिलेले असते म्हणून हसता हसता थोडा ओशाळतो. बोली हास्यास्पद राहिली नाही. ती हसवण्याचे साधन झाली. हा फरक ज्याला कळला त्याला विनोदी लेखनाचे अर्धे मर्म कळले. पुढे मराठवाड्यातून मकरंद अनासपुरे ह्यांच्यासारखा नट तीच बोली घेऊन चित्रपटाचा नायक झाला. बीड जिल्ह्यातल्या अरविंद जगताप ह्यांनी 'चला हवा येऊ द्या'साठी लिहिलेली पत्रे, पोस्टमनच्या वेषातल्या सागर कारंडे ह्यांनी वाचून दाखवली. हसण्याच्या त्या कार्यक्रमात ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येत.

आणि आता, कबूल केल्याप्रमाणे, जांबेस येऊ. समर्थांच्या ह्याच गावात राजकुमार तांगडे हे शेतकरी नाटककार आहेत. विजेच्या प्रश्नावर त्यांनी 'आकडा' हे नाटक लिहिले. आकडा म्हणजे काय हे शेतकऱ्यांच्या सभेत सांगण्याची गरज नाही. पुढे २०१२ साली त्यांनी लिहिलेले 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' रंगभूमीवर आले. मूळ संकल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत ह्यांचे. दिग्दर्शन गेवराईचे नंदू माधव ह्यांचे. १९१३ साली आपला पहिला कथापट दाखवणाऱ्या दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगणाऱ्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' ह्या विनोदी चित्रपटात फाळके झाले ते हेच. नाटकात संभाजी तांगडे, कैलास वाघमारे, मीनाक्षी राठोड अशी आपल्या भागातली मंडळी उभी राहिली.

गोष्ट अशी की यम शिवाजीमहाराजांना न्यायला येतो. महाराज म्हणतात, देह ने, पण माझे विचार येथेच राहतील. यम पंचाइतीत पडतो, आणि महाराजांचे विचार शोधण्यासाठी जिरेटोप घेऊन आजच्या महाराष्ट्रात फिरतो. ज्याच्या डोक्याला तो बसेल त्याच्याकडे विचार असणार. महाराजांचे नाव घेणारी डोकी तर पुष्कळ भेटतात, पण टोप काही बसत नाही. ही कल्पना ऐकताच आपण हसतो आणि दुसऱ्या क्षणी आपला हात आपल्याच डोक्याकडे जातो. समर्थांनी मूर्खलक्षणे सांगितली ती श्रोत्याने स्वतःला तपासावे म्हणून. त्याच गावच्या नाटककाराने तोच उद्योग काही शतकांनी केला. ह्याला टवाळी म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

ह्या नाटकाने आणखी एक गोष्ट सिद्ध केली. घनसावंगीच्या शेतकऱ्याने मुंबईत जाऊन आधी मुंबईकर व्हावे, मग लिहावे, असे काही नाही. ह्या मंडळींनी आपले गाव, आपली बोली आणि आपली जोडीदार माणसे बरोबर घेऊन मुंबई गाठली. त्या गटातले कैलास वाघमारे पुढे २०२० सालच्या 'तान्हाजी' ह्या हिंदी चित्रपटात चुलत्या म्हणून दिसले, मीनाक्षी राठोड मालिकांतून घरोघरी पोचल्या. पण पायाभरणी गावातल्या तालमीत झालेली होती.

आता जबाबदारीविषयी. येथे आम्ही स्वतःची एक चूक कबूल करतो. तरुणपणी आम्ही एका संमेलनासाठी प्रहसन लिहिले होते. त्यात मोंढ्यातला एक तोतरा हमाल घातला होता. प्रेक्षक इतके हसले की पडदा दोनदा थांबवावा लागला. आम्ही स्वतःवर खूश होऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी मोंढ्यात एका हमालाने आम्हांस हाक मारली. तो खरोखरच अडखळत बोलत असे, आणि लिहिताना तोच आमच्या डोळ्यांपुढे होता. थांबत थांबत तो म्हणाला, "मास्तर, रातच्याला समदे माह्यावर हसले. तुमच्यावर कोण हसलं?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते अधिक लागले. ती संहिता आम्ही त्याच दिवशी फाडली. तेव्हापासून कोणताही विनोद ऐकला की आम्ही प्रथम एवढेच पाहतो की, हसणारा उंच जागेवर उभा आहे आणि ज्याच्यावर हसतात तो खाली आहे, की उलटे आहे. सोंगाड्या राजाला, कोतवालाला, पाटलाला हसत असे. खालून वर हसायला छाती लागते. वरून खाली हसायला काहीच लागत नाही.

शेवटी दामाविषयी, कारण त्या तरुणाचा प्रश्न पोटाचा होता आणि पोटाच्या प्रश्नाला तत्त्वज्ञानाने उत्तर देणे बरे नव्हे. चित्रपटात कथा, पटकथा आणि संवाद ही तीन निरनिराळी कामे मानली जातात. त्यांचे मानधन आणि नामनिर्देश निरनिराळा ठरवून घ्यावा, आणि तो लेखी घ्यावा. मुंबईत पटकथालेखकांची संघटना आहे. तिच्याकडे सभासद होऊन आपली संहिता कोणाला ऐकवण्यापूर्वी नोंदवून ठेवता येते. २०१२ साली आपल्या देशाच्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटगृहाबाहेर कृतीचा जो उपयोग होतो, त्यातील आपल्या वाट्याचा हक्क लेखकाने करारात सोडून दिला तरी तो सुटत नाही, असे त्या दुरुस्तीने ठरवले. सोंगाड्याचे शब्द हवेत विरत होते, त्या काळापासून येथवरची ही वाटचाल लहान नाही. कागदावरचा हक्क हातात पडायला अजूनही झगडावे लागते हे खरे, पण झगडायला कागद तरी आहे.

तेव्हा त्या तरुणाला आमचे सांगणे असे. पोट भरते, पण लवकर भरत नाही. मोसंबी लावणारा पहिली काही वर्षे झाडांच्या ओळींमध्ये दुसरे पीक घेतो, तसे काही पोटापाण्याचे हाती ठेवून लिही. अत्रे शाळेत शिकवीत होते, तांगडे शेती करीत लिहीत आले. त्यात कमीपणा नाही. गावातली पाच-सात माणसे जमव आणि आपले लिहिलेले त्यांच्या तोंडून लोकांसमोर बोलवून घे. जेथे लोक हसले नाहीत तेथे खूण कर आणि रात्री घरी येऊन ते पुन्हा लिही. आपली बोली टाकू नकोस, आणि तिचा तमाशाही मांडू नकोस. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून मुंबईला वंदे भारत गाडी सुरू झाली. आता सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत मुंबईत उतरतो. पण गाडीत बसण्यापूर्वी वही भरलेली असू दे, आणि त्या वहीतला विनोद आपल्याच जत्रेत, आपल्याच माणसांसमोर, निदान एकदा पडून पुन्हा उभा राहिलेला असू दे.

आणि आपणां श्रोत्यांनाही एक विनंती. पुढच्या वेळी चित्रपट पाहून हसू येईल तेव्हा शेवटी जी नावे पडद्यावर सरकतात, ती पाहण्यासाठी दोन मिनिटे बसून राहा. त्यात कोठेतरी लेखकाचे नाव असेल. एखाद्या दिवशी ते अंबड तालुक्यातल्या त्या तरुणाचेही असेल. ते वाचायला आपण जागेवर असलो म्हणजे झाले.